चाळीतली खोली भाड्याने घेताना

‘गिरगावात चाळीतली खोली मिळतेय, घेऊ का?’ असं विचारणारे फोन मे-जून महिन्यांत हमखास येतात. कोणाला लोअर परळच्या ऑफिसात नोकरी लागलेली असते, कोणाच्या मुलीला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळालेला असतो, कोणी परळच्या रुग्णालयात रुजू होणार असतं. ब्लॉकचं भाडं ऐकून घरचे हबकलेले असतात. मग एजंट लालबाग, करी रोड, ठाकूरद्वार, नायगाव अशा ठिकाणच्या चाळीतली खोली सुचवतो.

खोली जरूर घ्या. मुंबईच्या मध्यावर, स्टेशनपासून चालत पोचता येईल अशा जागी, माणसांच्या सोबतीने राहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र एक लक्षात ठेवा. चाळीत दाराच्या आत जेवढं घर असतं तेवढंच दाराबाहेर असतं. पाण्याचा नळ, गॅलरी, जिना, संडास, छप्पर हे सगळं सामाईक, आणि तुमचं रोजचं सुख त्याच्यावरच अवलंबून. बहुतेक जण खोलीची लांबी-रुंदी बघतात, नवा रंग बघतात आणि डिपॉझिट देऊन मोकळे होतात. बाहेरच्या निम्म्या घराची चौकशी मात्र सामान आणल्यावर सुरू होते. ती आधी करावी, यासाठी हा लेख.

खोली नक्की कोणाची?

चाळीत जो माणूस ‘माझी खोली’ म्हणून कुलूप उघडून दाखवतो, तो बहुतेक वेळा मालक नसतो. तो पागडीचा भाडेकरू असतो. त्याच्या वडिलांनी किंवा आजोबांनी कधीकाळी पागडी, म्हणजे एकरकमी पैसे, मोजून खोली घेतलेली असते आणि मालकाच्या मेहत्याकडे, म्हणजे भाडं गोळा करणाऱ्या कारकुनाकडे, तो दरमहा अगदी किरकोळ भाडं भरून पावती घेतो. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी गोठली, त्यामुळे ही रक्कम आजही ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. भाडेकरूच्या मूळ करारात तशी मुभा नसेल, तर त्याला खोली पोटभाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देता येत नाही, असं या कायद्याचं कलम २६ सांगतं. त्याने तशी दिली, तर मालकाला खोली खाली करून मागण्याचं कारण मिळतं. त्या भांडणात तुम्ही विनाकारण भरडले जाता.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो पावतीचा. शेवटची भाडेपावती पाहायला मागा. पावतीवर नाव कोणाचं आहे? समोरच्या माणसाचं, की वारलेल्या वडिलांचं? भावंडं किती, त्यांची संमती आहे का? मालकाचं ना-हरकत पत्र आहे का? हे विचारताना संकोच करू नका. ज्याचं काम सरळ आहे तो कागद काढून दाखवतो. ‘शेजाऱ्यांनी विचारलं तर भाचा आहे म्हणून सांगा’ असं कोणी सुचवलं, तर ती खोली घेऊ नका. ज्या मजल्यावर पहिल्याच दिवशी खोटं बोलून शिरायचं, तिथे सुखाने राहता येत नाही.

दोन ठिकाणी विशेष जपा. एक म्हणजे म्हाडाची संक्रमण शिबिरं. पडलेल्या किंवा पाडलेल्या इमारतींतल्या रहिवाशांसाठी असलेल्या या गाळ्यांत परस्पर भाड्याने राहणारा माणूस म्हाडाच्या लेखी घुसखोर ठरतो आणि त्याला बाहेर काढलं जातं. दुसरं म्हणजे बीडीडी चाळी. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरं होत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. रहिवाशांची पात्रता, तपासणी, स्थलांतर हे सगळं चालू असताना तिथे नव्याने भाड्याने शिरणं म्हणजे आज ना उद्या सामान उचलायची तयारी ठेवणं.

पुनर्विकासाबद्दल मनात कसलीच आशा धरू नका. नवं घर मिळण्याचा हक्क मूळ भाडेकरूचा असतो. लायसन्सवर राहणाऱ्याला तो मिळत नाही, मग तो कितीही वर्षं राहिलेला असो.

करार: अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवाच

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. ते चुकीचं आहे. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची असते. त्याने ती टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं मानलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही तोवर. नोंदणी आता ऑनलाइन होते. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा घेऊन अधिकृत माणूस घरी येऊन काम उरकतो. खर्च कोणी करायचा हे आधीच बोलून घ्या.

चाळीच्या खोलीसाठी करारात काही जादा कलमं घालून घ्या. इमारत रिकामी करायची नोटीस आली, तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल? अशा वेळी लॉक-इनची, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी खोली न सोडण्याची, अट गळून पडेल ना? पावसात छत गळलं, तर दुरुस्ती कोण करणार? संडास साफ करणाऱ्याचे, जिन्यातल्या दिव्याचे, पाण्याच्या पंपाचे महिन्याचे पैसे कोण भरणार? ही रक्कम लहान असते, पण मजल्यावरची भांडणं नेमकी तिच्यावरूनच होतात.

डिपॉझिट बँकेतूनच द्या. ताबा घेताना बेस्टच्या मीटरवरचा आकडा, भिंतींवरची ओल, फुटलेली लादी यांचे फोटो काढून जागा देणाऱ्याला पाठवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचं काम जागा देणाऱ्याचं, पण ते झालं की नाही हे तुम्ही विचारा. ती नोंद ऑनलाइनही होते.

इमारतीची तब्येत

३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या शहर भागातल्या बहुतेक जुन्या भाड्याच्या इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या, आहेत. त्यांच्या दुरुस्तीचं काम म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येतं. रहिवासी त्याला नुसतं ‘दुरुस्ती मंडळ’ म्हणतात. दरवर्षी पावसाळ्याआधी हे मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. महापालिकाही आपली यादी काढते. पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती लागणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. खोली घेण्याआधी या दोन्ही याद्यांत इमारतीचं नाव शोधा. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत आणि १६ जुलै २०१९ ला डोंगरीतली केसरबाई इमारत कोसळली, आणि दोन्ही ठिकाणी माणसं गेली. दोन्ही दुर्घटना पावसाळ्यातल्याच. भाडं कमी आहे म्हणून हा धोका पत्करायचा नाही.

यादी पाहून झाली की डोळ्यांनी पाहा. तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत जिना चढा. कुठे लाकडी किंवा लोखंडी टेकू लावलेत का? गॅलरीखालच्या लोखंडी गर्डरला पापुद्रे सुटलेत का? लाकडी तुळईला वाळवीची माती दिसते का? पायऱ्या मधोमध खचल्यात का? भिंतीतून पिंपळ उगवलाय का? पिंपळाची मुळं चुन्याच्या भिंतीत खोल शिरतात आणि त्या वाटेने पाणी आत येतं. वरच्या मजल्यावरची खोली असेल, तर छपरावर पत्रे आहेत की कौलं, आणि शेवटची डागडुजी कधी झाली, हे शेजारच्या खोलीत विचारा. छताला नुकताच रंग दिसला, तर रंगाखालचे पिवळे डाग शोधा.

पाण्याची वेळ

चाळीत राहायला जाण्याआधी एकच प्रश्न विचारायची परवानगी असती, तर मी ‘पाणी किती वाजता येतं?’ हाच विचारला असता. पाणी चोवीस तास नसतं. ठरलेल्या वेळी येतं, ठरलेल्या वेळी जातं, आणि ती वेळ गल्लीगणिक बदलते. कुठे पहाटे, कुठे संध्याकाळी. तुमची नोकरी पाळीची असेल आणि पाण्याच्या वेळी तुम्ही घराबाहेर असाल, तर ती खोली तुमच्या कामाची नाही, किंवा पाणी भरून ठेवणारी शेजारीण तुम्हाला आधी जोडावी लागेल.

नळ खोलीत आहे की मजल्याला एक, तेही पाहा. खोलीत असला, तरी वरच्या मजल्यावर दाब पुरतो का, हे प्रत्यक्ष पाण्याच्या वेळी जाऊन तपासा. एजंट दुपारी खोली दाखवतो, तेव्हा नळ उघडून काहीच कळत नाही. पहाटे गेलात तर सगळं कळतं. पंप चालू होतो, मजल्यावर एकेक दार उघडतं, आधी पिण्याचं पाणी भरलं जातं, मग पिंप, मग कपड्यांची बादली. कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, तर त्यांची कळशी आधी भरली जाते. हा क्रम कुठे लिहिलेला नसतो, पण सगळे पाळतात. पहिले दोन-तीन दिवस नुसतं बघा आणि मग आपला क्रम लावा.

नळाला आलेलं पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते धुण्याला घ्या. पावसाळ्यात पिण्याचं पाणी उकळाच. पिंपाला घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा ते रिकामं करून, घासून, कोरडं करायचं. डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात, आणि पालिकेचे कीटकनाशक खात्याचे कर्मचारी पिंपं तपासायला येतात ते याच कारणाने.

आता वजनाचा हिशेब. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दोनशे लिटरचं पिंप भरलं की दोनशे किलो एका जागी उभे राहतात. लाकडी तुळयांवरच्या जुन्या जमिनीवर ते खोलीच्या मधोमध ठेवू नका. मोरीत किंवा भिंतीलगत ठेवा. पिंप, फ्रिज आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट एकाच कोपऱ्यात उभं करू नका.

मोरी, माळा, वीज, गॅस

चाळीच्या खोलीचं खरं तंत्र मोरीत असतं. जेमतेम तीन-चार फुटांची जागा, कमरेएवढी आडभिंत किंवा नुसता पडदा, आणि तिथेच अंघोळ, भांडी, कपडे. मोरीचा उतार जाळीकडे आहे का, हे एक तांब्या ओतून पाहा. पाणी साचून राहिलं, तर ते खालच्या घराच्या छतात उतरणार, आणि तुमची ओळख खालच्या काकूंशी तक्रारीनेच होणार. जाळीवर बारीक छिद्रांची झाकणी ठेवा. भाताचं शीत आणि केस आत गेले की पाइप तुंबतो, आणि तो पाइप सगळ्या मजल्यांचा असतो.

पोटमाळा असेल, तर त्यावर हलकं सामान ठेवा. उन्हाळ्यात तिथे झोपवत नाही आणि जुलैत तिथल्या कपड्यांना बुरशी येते. गाद्या, कागदपत्रं, लोकरीचे कपडे प्लास्टिकच्या बंद पेटीत ठेवा. शिडी खाली घट्ट बसते का, तेही पाहून घ्या.

शहर भागात वीज बेस्टची. जुन्या चाळीत वायरिंग अनेकदा वीज आली तेव्हाचं, वर वर जोडत आणलेलं असतं. एसी, गिझर किंवा इंडक्शन शेगडी लावायची असेल, तर मंजूर भार किती आहे ते पाहा आणि गरज पडली तर जागा देणाऱ्याकडून रीतसर वाढवून घ्या. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी नसेल तर बसवून घ्या. मोरी आणि स्विचबोर्ड यांच्यात हातभराचंच अंतर असतं.

गॅसचं कनेक्शन पत्त्याचा पुरावा मागतं. तोवर ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर कामाला येतो. तो परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. मोठ्यातून छोट्यात भरून देणाऱ्यांकडे जाऊ नका. डिसेंबर २०२० मध्ये लालबागच्या साराभाई इमारतीत गॅसगळतीनंतर स्फोट झाला आणि माणसं दगावली. लहान खोलीत गळलेला गॅस झटकन साठतो. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करा. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका. दार-खिडकी उघडा आणि आधी शेजाऱ्यांना हाक मारा.

गॅलरी आणि शेजार

गॅलरी दिसते बैठकीसारखी. संध्याकाळी तिथे भाजी निवडली जाते, मुलं अभ्यासाला बसतात, आजोबा पेपर वाचतात. पण आग लागली किंवा कोणाला स्ट्रेचरवरून न्यायचं झालं, तर बाहेर पडायची वाट तीच. म्हणून तुमचं कपाट, सायकल, नको असलेली गादी गॅलरीत काढून ठेवू नका. चपलांचा छोटा रॅक चालतो. कपड्यांची दोरी कुठवर कोणाची, हे विचारून घ्या. कठड्यावर कुंड्या ठेवायच्या असतील तर तारेने बांधा.

राहायला आल्याच्या पहिल्याच रविवारी मजल्यावरच्या प्रत्येक घरी जा. नाव सांगा, गाव सांगा, काय करता ते सांगा. किती दिवसांसाठी आलोय, तेही खरं सांगा. आजी, काका, काकू, वहिनी, दादा ही संबोधनं इथे आपसूक लागतात आणि ती मनापासून वापरली तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. चाळीत दिवसा दार उघडं ठेवण्याची रीत आहे. तुम्हाला ते जमणार नसेल, तर तसं हसून सांगा. कोणी रागावत नाही. मात्र दार कायम बंद आणि तोंडही बंद, असं असेल तर अडीअडचणीला कोणाला हाक मारायची हेच तुम्हाला कळणार नाही.

सामाईक संडास असेल, तर आपली बादली वेगळी ठेवा आणि वापरून झाल्यावर दोन तांबे पाणी जास्तच ओता. तो साफ करायला जो माणूस येतो, त्याचे पैसे वेळेवर द्या, त्याचं नाव विचारून घ्या आणि दिवाळीत त्याला विसरू नका. त्याच्या कामावर सगळ्या मजल्याचं आरोग्य उभं असतं, आणि त्याला मान फार कमी मिळतो.

पाऊस आणि गणपती

जूनच्या पहिल्या आठवड्याआधी गॅलरीच्या बाजूला ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक बांधून घ्या. पश्चिमेकडच्या खोलीत झड थेट पलंगापर्यंत येते. चार महिन्यांत शहर भागात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परळ-दादरच्या सीमेवरचं हिंदमाता हे पाणी तुंबण्याचं जुनं ठिकाण. पालिकेने तिथे भूमिगत टाक्या बांधल्यावर फरक पडला आहे, तरी त्या बाजूला तळमजल्याची खोली घेताना पाणी कुठवर चढलं होतं, हे शेजाऱ्यांकडून भिंतीवर बोट ठेवून दाखवून घ्या. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की समुद्राकडे जाणारं पाणी अडतं. म्हणून भरतीच्या वेळा पेपरात पाहायची सवय लावा. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक फोनमध्ये आणि दारामागेही लिहून ठेवा.

गणेशोत्सवाची तयारी वेगळी. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत झाला, आणि लालबागच्या राजाची परंपरा १९३४ पासूनची. इथे हा उत्सव तुमच्या दारातूनच जातो. लालबाग-चिंचपोकळीला राहत असाल, तर त्या अकरा दिवसांत रात्रंदिवस गर्दी आणि रस्ते बंद असतात. सिलिंडर, औषधं, धान्य आधीच भरून ठेवा. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर विसर्जनाच्या दिवशी रुग्णालयापर्यंत पायी जाण्याची वाट आधी बघून ठेवा. चाळीच्या गणपतीची वर्गणी द्या, पावती घ्या, आणि जमेल तेवढं काम अंगावर घ्या. आरतीला ताट धरायला, प्रसाद वाटायला, रात्री मंडपात बसायला माणसं नेहमीच कमी पडतात. नवखा भाडेकरू चाळीचा होतो तो बहुधा याच दिवसांत.

परिसराची ओळख

बाकीच्या गोष्टी पहिल्या महिन्यात हळूहळू जमतात. गिरगावकरांना चर्नी रोड, ग्रँट रोड आणि ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन जवळ. लालबागला करी रोड आणि चिंचपोकळी, परळला परळ आणि प्रभादेवी. वॉर्ड ऑफिस कोणतं ते माहीत असू द्या. गिरगावचा बराचसा भाग डी वॉर्डात, लालबाग-परळ एफ दक्षिणमध्ये, पश्चिमेकडचं दादर जी उत्तरमध्ये येतं. नोंदवलेला करार हाती आला की आधारवरचा पत्ता बदला आणि मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरा.

एकटं राहणाऱ्याने पोळीभाजी केंद्र किंवा खानावळ पहिल्या आठवड्यातच बघून ठेवावी. गिरणगावात कामगारांना डबे घालणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. घरगुती जेवण पुरवणाऱ्या बायकांची ती परंपरा या भागात आजही आहे, आणि चाळीतच विचारलंत तर दोन दारांपलीकडून डबा मिळून जातो.

खोली सोडताना

नीट राहण्याइतकंच नीट निघणंही महत्त्वाचं. करारात ठरलेल्या मुदतीची नोटीस लेखी द्या. मीटरचा शेवटचा आकडा टिपा, बेस्टचं आणि पंपाचं देणं चुकतं करा, ताब्याच्या वेळचे फोटो समोर ठेवून खोली दाखवा आणि चावी देण्याच्या दिवशीच डिपॉझिट परत घ्या. पिंप, शेगडी, ताडपत्री बरोबर नेणार नसाल, तर मजल्यावर विचारा. कोणाला तरी हवंच असतं.

मग प्रत्येक दारात जाऊन नवा पत्ता आणि फोन नंबर देऊन या. बँकेची पाकिटं, कुरिअर आणि सरकारी पत्रं पुढचे काही महिने याच चाळीत येत राहतात. पाण्याच्या वेळी, आरतीला आणि आजारपणात तुम्ही आपला वाटा उचलला असेल, तर ती सांभाळून ठेवणारं घर तुम्हाला शोधावं लागत नाही.